डायल खोटी, चावी गायब: दाद कुणाकडे मागायची?

प्रश्न: ऑनलाइन जुनी घड्याळं विकणाऱ्या एकाकडून मी एचएमटीचं चावीचं घड्याळ घेतलं. जाहिरातीत ‘डायल, काटे, चावी, मशीन सगळं ओरिजिनल, कंपनीचं’ असं लिहिलं होतं. खाली ‘नो रिटर्न’ही होतं. घड्याळ मागे पडायला लागलं म्हणून दहा दिवसांनी ते एका कारागिराकडे सर्व्हिसिंगला दिलं. ‘फक्त साफ करून तेल घाला, आणखी काही करायचं झालं तर आधी विचारा’ असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेजही केला. घड्याळ उघडल्यावर त्याने मशीनचा आणि काढलेल्या डायलचा फोटो पाठवला आणि डायल नव्याने छापलेली आहे असं कळवलं. पुढच्या आठवड्यात गेलो तर बॉडी घासूनपुसून चकाचक पॉलिश केलेली, जुनी चावी काढून दुसरी बसवलेली. जुनी चावी ‘सापडत नाही’ म्हणतो आणि पूर्ण बिल भरल्याशिवाय घड्याळ द्यायला तयार नाही. विक्रेता म्हणतो, ‘तुम्ही घड्याळ उघडलंत, डायल तुमच्याच माणसाने बदलली असेल.’ पैसे परत मिळतील का? घड्याळ कसं सोडवू? आणि हे निस्तरल्यावर ते विकून टाकलं तर चालेल का?

उत्तर: तुमची भांडणं दोन आहेत आणि दोघांनाही ती एकमेकांत मिसळलेलीच हवी आहेत. विक्रेता कारागिराकडे बोट दाखवणार, कारागीर विक्रेत्याकडे. तेव्हा दोघांना एकच नोटीस पाठवण्याच्या मोहात पडू नका. घड्याळ कारागिराकडे अडकलेलं आहे आणि विक्रेत्याविरुद्धचा तुमचा मुख्य पुरावा तेच आहे, म्हणून सुरुवात कारागिरापासून करायची.

आजच त्याला लेखी कळवा की यापुढे घड्याळाला हात लावायचा नाही. डायल ‘नीट करून देतो’ म्हणाला तरी नाही.

दुरुस्तीला दिलेली वस्तू म्हणजे भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १४८ प्रमाणे निक्षेप. वस्तू तुमचीच राहते, ती सांभाळायची जबाबदारी त्याची. मेहनतान्यासाठी वस्तू अडवून ठेवायचा हक्क कलम १७० ने कारागिराला दिला आहे, हे खरं आहे. त्या कलमाखाली उदाहरणच पैलू पाडायला दिलेल्या हिऱ्याचं आहे. पण हा हक्क ज्या कामासाठी वस्तू दिली त्या कामापुरता. तुम्ही साफसफाई आणि तेल सांगितलंत, तेवढ्याच्या मजुरीपोटी तो घड्याळ ठेवून घेऊ शकतो. न सांगता केलेल्या पॉलिशसाठी आणि नव्या चावीसाठी नाही.

व्यवहारात मात्र मी तुम्हाला या मुद्द्यावर अडून बसायला सांगणार नाही. सर्व्हिसिंगची रक्कम लगेच द्या. बाकीच्या रकमेवर तो हटून बसला तर तीही ‘हरकत नोंदवून’ द्या, म्हणजे पैसे यूपीआयने पाठवा आणि त्याच वेळी मेसेज करा: ‘पॉलिश आणि चावीचं काम मी सांगितलेलं नव्हतं, घड्याळ ताब्यात मिळावं एवढ्यासाठीच ही रक्कम देतो आहे, ती परत मागण्याचा माझा हक्क राखून ठेवला आहे.’ बिलात प्रत्येक काम वेगळं लिहून घ्या. बिल द्यायला नकार देणं ही ग्राहक कायद्याप्रमाणे अनुचित व्यापार प्रथा आहे, हे त्याला सौम्य शब्दांत सांगायला हरकत नाही.

जुन्या चावीचा मुद्दा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. काढलेला भाग तुमच्याच मालकीचा असतो. ‘आम्ही जुने पार्ट ठेवून घेतो’ ही दुकानाची पद्धत असेल, पण तुम्ही कबूल केल्याशिवाय ती तुम्हाला लागू होत नाही. एचएमटी वॉचेस बंद करायला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्येच मंजुरी दिली, त्यामुळे त्या घड्याळांचे मूळ सुटे भाग आता जुन्या साठ्यातून किंवा दुसरं घड्याळ मोडूनच मिळतात. म्हणून चावी परत मिळाली नाही तर ‘नवी बसवून दिली की’ हे उत्तर पुरेसं होत नाही. भरपाई करार कायद्याच्या कलम ७३ च्या मापाने मोजली जाते: नेहमीच्या व्यवहारात जे नुकसान ओघाने होतं ते, किंवा करार करताना दोघांना ज्याची कल्पना होती ते. ‘आधी विचारा’ हा तुमचा मेसेज इथे लाखमोलाचा आहे. पॉलिशने बॉडीच्या धारा गोल होतात, त्या परत येत नाहीत. नुकसान मोजताना तेही धरा.

पोलिसांत जायचं का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. जाऊ नका, निदान आत्ता तरी. तो चावी सापडत नाही म्हणतो, त्यात हलगर्जी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मधला फौजदारी विश्वासघात ठरायला अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो, आणि तो आज तुमच्या हातात नाही.

आता विक्रेता. ‘डायल तुमच्याच माणसाने बदलली’ हा त्याचा एकमेव दमदार बचाव आहे आणि तो मोडायचं साधन तुमच्या फोनमध्ये असण्याची दाट शक्यता आहे. जाहिरातीतला डायलचा फोटो आणि कारागिराने पाठवलेला फोटो शेजारी ठेवा, मोठे करा. नव्याने छापलेल्या डायलवर खुणा राहतात: अक्षराची कड फुटलेली, मिनिटांच्या एखाद्या रेषेचा शेवट जाड झालेला, सहाच्या आकड्याखालची बारीक अक्षरं किंचित तिरकी. यातली एखादी खूण दोन्ही फोटोंत त्याच जागी दिसली, तर जी डायल विकली तीच कारागिराने काढली हे सिद्ध होतं. कारागिराचा फोटो काम सुरू होण्याआधीचा आहे, हेही तुमच्या बाजूने आहे.

म्हणून तो फोन बदलू नका, चॅट पुसू नका. नुसते स्क्रीनशॉट काढून मूळ मेसेज उडवणारे लोक मला दर महिन्याला भेटतात. जाहिरातीची प्रतही आजच जतन करून ठेवा, कारण नोटीस मिळाली की पहिली नाहीशी होते ती जाहिरात. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. ग्राहक आयोगात पुराव्याचे नियम तितके काटेकोर लावले जात नाहीत, तरी ते जोडावं. शिवाय दुसऱ्या, या भानगडीशी संबंध नसलेल्या जाणकार कारागिराकडून डायलची तपासणी करून प्रतिज्ञापत्र घ्या. पहिल्याचं नको, तो आता तुमचा प्रतिपक्ष आहे.

कायदा काय म्हणतो? वर्णनावरून झालेल्या विक्रीत वस्तू वर्णनाबरहुकूम असलीच पाहिजे, हे मालविक्री कायदा, १९३० चं कलम १५. विक्रेता म्हणेल की पत्रा कंपनीचाच आहे, फक्त छपाई ताजी केली. हा युक्तिवाद मला टिकणारा वाटत नाही. जुनं घड्याळ घेणारा माणूस डायलचे पैसे मोजतो ते वरच्या छपाईचे, खालच्या पत्र्याचे नव्हे, आणि या धंद्यातल्या माणसाला ते ठाऊक असतं. ‘फोटो स्पष्ट होते, नीट बघायचं होतं’ हेही तो म्हणेल. त्याला उत्तर असं की जाणूनबुजून केलेलं खोटं विधान आणि न सांगता राखलेलं मौन यांत करार कायद्याच्या कलम १९ ने फरक केला आहे. थोडी काळजी घेतली असती तर सत्य कळलं असतं, हा अपवाद मौनाला आणि अजाणता केलेल्या चुकीच्या विधानाला लागतो. ठोकून दिलेल्या खोट्याला नाही. मात्र त्याला माहीत होतं हे तुम्हाला दाखवावं लागेल. त्याच्या इतर जाहिराती बघा, कुठे ‘रीडायल’ (म्हणजे डायल नव्याने छापलेली) असं स्वतःच लिहिलेलं सापडलं तर काम सोपं होईल. मशीनबद्दल मात्र तक्रार करू नका. तुमच्या माहितीत त्याबद्दल काहीच ठोस नाही, आणि कच्चा मुद्दा पक्क्या मुद्द्यालाही खाली ओढतो.

‘नो रिटर्न’ला घाबरू नका. मन बदललं म्हणून वस्तू परत करण्याला ती अट आडवी येते, खोट्या वर्णनाला ती ढाल होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दोषाच्या व्याख्येतच व्यापाऱ्याने जो दर्जा सांगितला त्यातली उणीव धरली आहे.

पण पूर्ण पैसे परत मिळतील का? इथे मी तुम्हाला फार आशा लावणार नाही. मालविक्री कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे खरेदीदाराने विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असं काही केलं तर त्याने माल स्वीकारला असं धरतात, आणि एकदा स्वीकारला की कलम १३ खाली माल नाकारता येत नाही, फक्त नुकसानभरपाई मागता येते. पॉलिश केलेली बॉडी आणि परकी चावी घेऊन तुम्ही ‘घ्या तुमचं घड्याळ’ म्हणालात, तर विक्रेता नेमकं याच कलमावर बोट ठेवेल. पॉलिश तुमच्या सांगण्याविरुद्ध झालं हे तुमचं उत्तर आहे, पण तेवढ्यावर सगळी मदार ठेवणं मला धोक्याचं वाटतं. म्हणून तक्रारीत दोन मागण्या लिहा: मुख्य मागणी पूर्ण परताव्याची, आणि ती मान्य न झाल्यास पर्यायी मागणी मूळ डायलच्या व छापलेल्या डायलच्या घड्याळाच्या किमतीतल्या फरकाची, तपासणीच्या खर्चासह. माझ्या अंदाजाने तुम्हाला दुसरी मिळेल.

आधी दोघांना वेगवेगळी नोटीस, स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही. पंधरा दिवसांची मुदत पुरे. विक्री एखाद्या वेबसाइटमार्फत झाली असेल तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडेही लिहा. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. त्यानंतर तुमच्या स्वतःच्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात तक्रार. विक्रेता दुसऱ्या राज्यात असला तरी चालतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. तो नेहमी घड्याळं विकतो याचा पुरावा म्हणून त्याच्या इतर जाहिरातीही जोडा, कारण घरचं एखादं घड्याळ विकणारा हौशी माणूस निघाला तर ग्राहक आयोगाऐवजी दिवाणी न्यायालय गाठावं लागेल. तिथे मुदत तीन वर्षांची.

शेवटचा प्रश्न विकण्याचा. निकाल लागेपर्यंत विकू नका, पुरावाच हातचा जाईल. आणि ‘विकायलाच घेतलं होतं’ असं कुठे गमतीनेही लिहू नका, कारण पुनर्विक्रीसाठी घेणाऱ्याला कायदा ग्राहक मानत नाही. तुम्ही वापरायला घेतलं असेल आणि पुढे कंटाळून विकलं तर त्याने काही बिघडत नाही. विकताना डायल पुनर्मुद्रित आहे, चावी बदललेली आहे, बॉडी पॉलिश झाली आहे, हे पावतीवर लिहून खरेदीदाराची सही घ्या. आता तुम्हाला हे माहीत आहे, तेव्हा गप्प राहून विकलंत तर आज तुम्ही विक्रेत्यावर करता ते सगळे आरोप तुमच्यावर येतील. आणि कुणी ‘हुबेहूब नवी डायल कंपनीच्या नावासकट छापून देतो’ म्हणालं तर त्या वाटेला जाऊ नका. दुसऱ्याचं व्यापारचिन्ह विनापरवाना वस्तूवर लावणं, आणि तसा माल विकणं, हा व्यापारचिन्ह कायदा, १९९९ खाली गुन्हा आहे, आणि किमान शिक्षा सहा महिन्यांची आहे.