सावलीतला नमुना

प्रश्न : ताई, मी कृषी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रात्यक्षिकासाठी कुरणातल्या मातीचा नमुना दिला होता. अहवालात पालाश, म्हणजे पोटॅशियम हे अन्नद्रव्य, भरपूर आलं, गवत मात्र खुरटं. अहवाल चुकला की मी? हा विषय नुसता पाठ करून डोक्यात शिरत नाही.

उत्तर : नमुनाच चुकला असणार. मीही विद्यार्थी असताना हेच केलं होतं. ऊन रणरणत होतं, म्हणून चारही खड्डे झाडाच्या सावलीत घेतले. दुपारी गुरंही तिथंच बसायची, हे काही सुचलं नाही. चाऱ्यातलं बहुतेक पालाश मुतातून बाहेर पडतं. म्हणजे मी कुरण सोडून गोठाच तपासला होता! सरांनी कागद पाहून एवढंच विचारलं, "सावली बरी होती ना?"

तेव्हा झाडाखालची, फाटकाजवळची, पाण्याच्या टाकीभोवतीची जागा सोड. शेणाचे पो टाळ. नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणांहून सारख्याच खोलीची माती घे. सगळी मिसळून ढीग कर. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून दे; अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा.

पण अहवाल बरोबर आला तरी गवत खुरटं का, हे तो सांगेलच असं नाही. त्यासाठी कुदळ घे. वीतभर खोल ढेकूळ काढ आणि मुळं बघ. थोडं खाली जाऊन ती एकदम आडवी वळली असतील, तर तिथं थर दाबला गेलाय. वाफसा यायच्या आत, म्हणजे माती फार ओली असतानाच, गुरं सोडली की खुरांनी असंच होतं.

दुसरं कारण चराईचं. अमेरिकेत फ्रँकलिन क्रायडर यांनी 1955 मध्ये बहुवर्षायू गवतांवरचे छाटणीचे प्रयोग प्रसिद्ध केले. पाल्याचा 40 टक्क्यांपर्यंत भाग काढला तर मुळं वाढत राहिली. एकदाच 80 टक्के छाटला, तर 12 दिवस त्यांची वाढ ठप्प. वर बोडकं केलेलं गवत खालूनही उपाशी राहतं, ते असं.

तूच करून बघ. गवत जोमात वाढत असताना एक-एक मीटरचे दोन चौकोन आख. एक दर आठवड्याला जमिनीलगत काप. दुसरा एकदा दहा सेंटिमीटरवर कापून सोडून दे. सहा आठवड्यांनी दोन्ही खण. ढेकूळ मात्र हातानं उकल, कुदळीनं फोडू नकोस. मुळं तुटली की दोन्ही चौकोन सारखेच दिसतात.