देवरुखच्या एका आईचं पत्र : समुद्रातल्या जिवांवर संशोधन म्हणजे दिवसभर करायचं तरी काय?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक एस.वाय.बीएस्सीला आहे, झूलॉजी घेतलंय, तिला मरीन बायोलॉजिस्ट व्हायचंय. डॉल्फिन नि कासवांचे व्हिडिओ बघून तिच्या डोक्यात हे बसलंय असं तुम्हाला वाटतं, तिचे बाबा म्हणतात बीएस्सी झालं की बी.एड. करून टाक, आणि तुमचे प्रश्न तीन आहेत : यात पोट भरतं का, मुलीला बोटीवर पाठवायचं का, आणि ही माणसं दिवसभर करतात तरी काय. शिवाय तिला पोहता येत नाही आणि जयगडच्या फेरीबोटीतसुद्धा मळमळतं, असंही लिहिलंय.

मी तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्याचं उत्तर कळलं की बाकीचे दोन सोपे होतात आणि हा प्रश्न फारसं कोणी विचारतच नाही. करिअर गाइडन्समध्ये यायच्या आधी मी स्वतः काही वर्षं किनाऱ्यावरच्या जिवांच्या प्रोजेक्टवर काम केलंय, त्यामुळे हे ऐकीव नाही.

ताई, तुम्ही सहज लिहून गेलात की तुमचं माहेर जयगडच्या बाजूचं आणि लहानपणी आईबरोबर खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, कालवं काढायला जायचात. मग अर्धं काम तुम्हाला माहीतच आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते हे तुमच्या आईने तुम्हाला शिकवलं असेल, पौर्णिमेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा, म्हणजे पाणी पूर्ण ओसरणार पहाटे पाच-साडेपाचला आणि परत तसंच संध्याकाळी. संशोधकाकडे छापील भरती-ओहोटीचं टेबल असतं, फोनवर अ‍ॅप असतं, पण दिवस चालतो तो याच हिशोबावर, घड्याळावर नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सगळ्यात लांब जातं, म्हणून कामाचे दिवस ते. चारला उठायचं, टॉर्च घेऊन खडपात उतरायचं, आणि पाणी परत चढायच्या आत दीड-दोन तासांत आटपायचं. एक चौकोनी फ्रेम असते, तिला क्वाड्रॅट म्हणतात, ती ठरलेल्या अंतरावर दगडावर ठेवायची आणि तिच्या आत जे जे आहे ते मोजायचं, कालवं किती, दगडाला घट्ट चिकटलेले बार्नॅकल किती, कोणत्या जातीच्या गोगलगायी, शंखात राहणारे खेकडे किती. फोटो काढायचा, पाण्याचं तापमान नि खारटपणा लिहायचा, पुढच्या ठिकाणी जायचं. पुढच्या उधाणाला परत त्याच दगडावर. एका ओहोटीत काहीच कळत नाही, दोन-तीन वर्षं तेच दगड बघितले की मग कुठे दिसायला लागतं की पावसाळ्यानंतर काय परत येतं आणि काय येतच नाही.

पण हा झाला देखणा भाग. बराचसा वेळ लॅबमध्ये जातो, आणि तिथे समुद्र दिसतसुद्धा नाही.

खाडीचा किंवा समुद्राच्या तळाचा चिखल लोखंडी जबड्यासारख्या ग्रॅबने वर काढतात, तो अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुतात, चाळणीवर जे उरतं ते फॉर्मेलिनमध्ये ठेवतात. त्यात रोझ बेंगाल नावाचा गुलाबी रंग घातला की चिखलातले जीव गुलाबी दिसतात, मग मायक्रोस्कोपखाली बशी ठेवून चिमट्याने एकेक वेचायचा. जास्त करून किडेच असतात, पॉलिकीट म्हणतात त्यांना, काही तर नखाएवढेही नसतात. जात ओळखायची म्हणजे त्याच्या अंगावरच्या बारीक केसांचा आकार बघायचा, जबडा बघायचा, जुन्या पुस्तकातल्या चित्रांशी जुळवायचं, नाही जुळलं तर परत पहिल्यापासून. मी एकेका बाटलीवर दोन-दोन दिवस बसलेय. मान दुखते, डोळे चुरचुरतात, आणि संध्याकाळी वहीत असतात पंधरा नावं, त्यातल्या चारांपुढे प्रश्नचिन्ह. आता डीएनए बारकोडिंग आहे, साधारण साडेसहाशे अक्षरांचा एक तुकडा वाचून डेटाबेसशी जुळवतात, पण डेटाबेसमध्ये त्या जातीचं नाव कोणीतरी आधी बरोबर घातलेलं असावं लागतं आणि ते घालणारा परत तोच, मायक्रोस्कोपवर बसलेला माणूस.

एक गोष्ट सांगते म्हणजे कामाचा स्वभाव कळेल. पहिल्याच वर्षी मी चौदा बाटल्यांवर बाहेरून पेनने लेबलं लिहिली होती. झाकणातून स्पिरिट पाझरलं, सगळी शाई धुऊन गेली. कुठली बाटली कुठल्या जागेची, काही कळेना. नमुने उत्तम होते पण जागा-तारीख नसलेला नमुना म्हणजे काहीच नाही, ते सगळे वाया गेले. मला फार लागलं ते, कारण त्या चिखलात मेलेले ते जीव फुकट गेले असं वाटलं. तेव्हापासून पेन्सिलने जाड कागदावर लिहून लेबल बाटलीच्या आत टाकते, सगळे अनुभवी लोक तेच करतात. तुमच्या लेकीला अशी बारीक, कंटाळवाणी काळजी घ्यायला आवडतं का, हे बघा. डॉल्फिन आवडतात का हे विचारू नका, ते सगळ्यांनाच आवडतात.

आणि तिसरा भाग म्हणजे बंदर. मिरकरवाडा, हर्णै, मालवण, मुंबईचं ससून डॉक, पहाटे बोटी लागल्या की संशोधक तिथे उभा असतो, कुठल्या जातीच्या मोरी (शार्क) आल्या, वाघळी (चपटे रे मासे) किती, मादीच्या पोटात पिल्लं होती का, लांबी किती. लिलाव चालू असताना मासळीवाल्या बाईला मध्येच थांबवून मोजमाप घ्यायचं म्हणजे बोलणं गोड लागतं आणि आदरही लागतो. तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाला, जे माहीत असतं ते कुठल्याच पुस्तकात नसतं. काही जण नीट बोलत नाहीत, त्यांना वाटतं हे लोक आज मोजणार आणि उद्या बंदी आणणार, आणि ती भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं तेव्हापासून तिथल्या मच्छीमारांचा विरोध आहे. या क्षेत्रात जाणाऱ्या मुलीने कोळी, गाबीत, खारवी, दालदी घरांत बसून चहा प्यायला शिकलंच पाहिजे. तुमची लेक कोकणातली आहे, तिला बांगडा, शेवंड, म्हाकूल ही नावं घरातून मिळालीत, बाहेरून येणाऱ्याला ती शिकायला वर्ष जातं.

पावसाळ्यात काय करतात असं विचाराल. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, खडपात लाटांमुळे उतरता येत नाही, मग साठलेल्या बाटल्या, एक्सेल शीट, आर नावाचं स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर, पेपर लिहिणं, परत आलेला पेपर दुरुस्त करणं, नवीन प्रोजेक्टचे प्रपोजल. इंग्रजी लिहिणं चांगलं लागतं, ते आत्तापासून सुधारायला सांगा.

आता बोट. खरं सांगायचं तर खूप जणांचं काम बोटीशिवाय होतं. खडपावरचं, खारफुटीतलं, बंदरावरचं, लॅबमधलं. पोहायला मात्र तिने शिकायलाच हवं, ते सेफ्टीसाठी, आणि विशीतली मुलगी दोन-तीन महिन्यांत शिकते. डायव्हिंग नंतर हवं असेल तर तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबाची संस्था आहे, मुद्दाम गोव्याच्या पलीकडे जायला नको. मळमळीचं म्हणाल तर मोठ्या जहाजावर बऱ्याच जणांना पहिले दोन-तीन दिवस त्रास होतो आणि मग शरीर सरावतं, डॉक्टरांना विचारून गोळी घेता येते. आणि मुलींनी जावं का? अदिती पंत मूळच्या नागपूरच्या, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींवर काम करायच्या, १९८३ च्या डिसेंबरात त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेल्या, भारताच्या मोहिमेतून तिथे गेलेल्या पहिल्या स्त्रिया त्या. चाळीस वर्षं झाली ताई. आज रिसर्चच्या जहाजांवर मुली असतात. तरी आई म्हणून तुम्ही विचारायचं ते विचारा, राहायची सोय काय, बरोबर कोण, तक्रार करायची तर कोणाकडे, आणि जो गाइड या प्रश्नांवर चिडेल त्याच्याकडे लेकीला पाठवू नका.

पैशाचं. इथे मी काही लपवत नाही. बीएस्सीनंतर एमएस्सी दोन वर्षं : गोवा विद्यापीठात मरीन सायन्सेस, कोचीच्या कुसॅट विद्यापीठात मरीन बायोलॉजी, तमिळनाडूत परंगीपेट्टईला अन्नमलाई विद्यापीठाचं सेंटर, नाहीतर साधं एमएस्सी झूलॉजी करून डिझर्टेशन समुद्रातल्या विषयावर. रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाचं बीएफएस्सी (मत्स्यविज्ञानाची डिग्री) बारावीनंतरचं असतं, ती वेळ गेली, आणि मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतल्या एमएफएस्सीला तीच डिग्री मागतात, म्हणून त्या वाटेवर वेळ घालवू नका. एमएस्सी करताना सीएसआयआर-नेट ही देशपातळीवरची परीक्षा द्यायची. तिच्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर सध्या महिन्याला ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडं वेगळं. नाही मिळाली तर प्रोजेक्टवरची नोकरी, त्यात पगार त्याहून कमी आणि सहा महिन्यांनी नाहीतर वर्षाने कॉन्ट्रॅक्ट संपतं, परत शोधा. पीएचडी होईपर्यंत वय तिशीच्या आसपास. कायमच्या जागा थोड्या आहेत, दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, झूलॉजिकल सर्व्हे, सीएमएफआरआय (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था), कॉलेजमधली प्राध्यापकी. त्याशिवाय बंदरं-पुलांच्या आधी पर्यावरणाचे रिपोर्ट करणाऱ्या कन्सल्टन्सी आहेत, आपल्याकडे खारफुटीचं काम बघणाऱ्या मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनच्या प्रोजेक्टमध्ये माणसं घेतात. म्हणजे पोट भरतं, पण उशिरा भरायला लागतं, आणि ज्या घरात तीन-चार वर्षांत मुलीच्या पगाराची गरज आहे त्या घराने हे गणित आधी मांडावं. तिच्या बाबांची काळजी याच कारणाने मला बरोबर वाटते. बी.एड. नंतरही करता येतं, एमएस्सी झाल्यावर नेट किंवा सेट निघाली तर कॉलेजची दारंही उघडतात, त्यामुळे एमएस्सी पूर्ण होऊन एक वर्ष एवढी मुदत घरात बसून ठरवा, बाबांनाही धीर येईल आणि लेकीलाही नेमकं काय करून दाखवायचंय ते कळेल.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, तिने किडे, गोगलगायी, स्पंज असलं काहीतरी उचलावं. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचं पाण्याखालचं प्रवाळांचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, ते राहू दे, आपल्या खाड्यांमधल्या चिखलातसुद्धा असे जीव निघतात ज्यांचं नाव खात्रीने सांगणारं माणूस देशात बोटांवर मोजण्याइतकं असतं. मला हे मनापासून लागतं. खाडीत कंपनी येते, पूल होतो, आणि तिथे आधी काय राहत होतं हे कोणी लिहूनच ठेवलेलं नसतं.

आता तुम्ही करायचं ते सांगते. येत्या पौर्णिमेला किंवा अमावस्येला लेकीला घेऊन माहेरी जा, पहाटेची ओहोटी गाठा. तिला एक वही, पेन्सिल आणि एक मीटरचा दोरीचा चौकोन द्या, तीन जागी टाकून आतलं सगळं मोजायला नि फोटो काढायला सांगा. काही उचलून आणू नका, प्रवाळ, समुद्रकाकडी असे बरेच जीव कायद्याने संरक्षित आहेत आणि नमुने घ्यायला परवानगी लागते. कालवं कुठे जास्त, कुठे कमी, पूर्वी कुठपर्यंत असायची हे तुम्ही तिला दाखवा, तेही तिने वहीत लिहावं, तुमचं लहानपणीचं वर्ष घालून. पुढच्या पंधरवड्यात परत त्याच जागी. असं चार वेळा झालं की वहीच्या पानांचे फोटो मला पाठवा, मग पुढच्या उन्हाळ्यात इंटर्नशिपसाठी कोणाला आणि कसा मेल लिहायचा ते आपण तिघी बसून ठरवू.