कोस्ट गार्डला जायचंय, मग गणित सोडून कसं चालेल?

प्रश्न : मुलगा अकरावी सायन्सला आहे. अंदमानजवळ बोटीतून सहा टन ड्रग्ज पकडल्याची बातमी वाचल्यापासून त्याला कोस्ट गार्डचं वेड लागलंय. पण गणित जड जातं, ते सोडून बायोलॉजी ठेवतो म्हणतो. ओळखीचा एकजण दीड लाखात ‘डायरेक्ट भरती’ करून देतो म्हणतोय. आमच्या घरात कुणी समुद्र पाहिलेला नाही. काय करावं? – एक पालक, चोपडा तालुका

राम राम भाऊ,

गणित सोडू देऊ नका, बाकीचं नंतर बघू. नाविक (जनरल ड्युटी) पदाला बारावीत गणित आणि फिजिक्स दोन्ही लागतात. नुसत्या पीसीबीवर (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) फॉर्मच भरता येत नाही. पुढे पदवी घेऊन असिस्टंट कमांडंट (जनरल ड्युटी) म्हणजे अधिकारी व्हायचं म्हटलं, तरी बारावीचं गणित-फिजिक्स पाहतातच. आज विषय सोडला, तर दोन्ही दारं बंद होतील.

गणित कशाला लागतं, हे त्याला त्याच बातमीवरून समजावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये अंदमानातल्या बॅरन बेटाजवळ म्यानमारची ती मासेमारी बोट आधी कोस्ट गार्डच्या डॉर्नियर विमानाला दिसली, मग जहाजानं गाठली. आता समजा, विमानानं बोट पाहिली तेव्हा आपलं जहाज ६० सागरी मैलांवर (एक सागरी मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर) आहे आणि २० नॉट, म्हणजे तासाला २० सागरी मैल वेगानं निघालंय. पोचायला तीन तास. तेवढ्यात ८ नॉटनं पळणारी बोट २४ मैल जाते, आणि कुठल्या दिशेला ते माहीत नाही. म्हणजे २४ मैल त्रिज्येचं वर्तुळ शोधायचं : सुमारे ६,२०० चौरस किलोमीटर, अर्ध्या जळगाव जिल्ह्याहून जास्त. हे उदाहरण त्याच्याकडून वहीवर सोडवून घ्या.

रडार आहे की, असं तो म्हणेल. पाण्यालगत बसलेल्या लाकडी होडीवर आपटून परतणारी रडारची लहर क्षीण असते, खवळलेल्या समुद्रात ती लाटांच्या गर्दीत हरवते. जहाजाची ओळख आपोआप सांगणारं एआयएस यंत्र आंतरराष्ट्रीय फेऱ्यांवरच्या ३०० टनांपासून पुढच्या जहाजांना सक्तीचं आहे. छोट्या होडीवर ते नसतंच म्हणा, आणि मोठ्या जहाजावर लबाडी करायची असली की बंद ठेवतात. म्हणून शेवटी माणसाचा डोळा आणि आकडेमोड कामाला येते.

आणि प्रदेश तरी केवढा! अंदमान-निकोबारला बेटं, खडक धरून ८३६, पण वस्ती चाळीसच्याही आत बेटांवर. उत्तरेला म्यानमारची कोको बेटं अगदी जवळ. दक्षिणेला इंदिरा पॉइंटपासून सुमात्रा जळगाव-नाशिकपेक्षा कमी अंतरावर, आणि मधल्या सिक्स डिग्री चॅनलमधून मलाक्का सामुद्रधुनीकडे जाणाऱ्या जहाजांची रांग. भोवतीचं आर्थिक क्षेत्र, म्हणजे जिथल्या साधनसंपत्तीवर फक्त भारताचा हक्क आहे तो समुद्र, सुमारे सहा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. निर्मनुष्य बेटांवर बाहेरचे शिकारी उतरतात आणि समुद्री काकडी (हा भाजीचा नव्हे, समुद्रतळाशी राहणारा प्राणी) गोळा करून नेतात. आपल्याकडे २००१ पासून तिला वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे.

बोट थांबवल्यावर खरं काम सुरू होतं. माशांच्या कप्प्यात ना मासे ना बर्फ, जाळी कोरडी ठणठणीत, डिझेलची पिंपं मात्र गरजेपेक्षा जास्त, की संशय पक्का. त्या बोटीत दोन-दोन किलोची सुमारे तीन हजार पाकिटं निघाली. मोजणी, सील, पंचनामा यांत एक चूक झाली तरी कोर्टात केस पडू शकते. चिकाटी लागते ती इथे. सिनेमात दिसणारी धावपळ त्या मानानं थोडी असते.

आता तयारीचं. कुठल्याही अॅकॅडमीत पैसे भरण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडून दृष्टी आणि रंगदृष्टी दोन्ही तपासून घ्या. लाल-हिरव्यात गल्लत होत असेल, तर समुद्रात रात्री समोरच्या जहाजाची डावी-उजवी बाजू ओळखू येत नाही, आणि याला उपचार नाही. वर्षभर घाम गाळून मेडिकलला हे कळलं, तर पोरगं खचतं.

नाविक (जनरल ड्युटी)च्या लेखी परीक्षेत पहिल्या भागात दहावीच्या पातळीचे ६० प्रश्न ४५ मिनिटांत, दुसऱ्यात बारावीच्या गणित-फिजिक्सचे ५० प्रश्न ३० मिनिटांत. चुकीला गुण कापत नाहीत, पण वेळ पुरत नाही आणि मुलं अडकतात ती दुसऱ्या भागात. वय १८ ते २२. धाव १.६ किलोमीटर, ७ मिनिटांत. शिवाय २० उठाबशा, १० पुशअप. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पहाटेच पळवा. पोहणं भरतीत विचारत नाहीत, पण ओडिशात चिल्काला प्रशिक्षणात लागतं. ते तलावात, शिकवणाऱ्यासोबत शिकू दे. हतनूरचे दरवाजे उघडलेले असताना तापीत मुळीच नको. समुद्र न पाहिल्यानं काही अडत नाही.

दीड लाखवाल्याला एक रुपया देऊ नका. भरती फक्त कोस्ट गार्डच्या संकेतस्थळावरच्या ऑनलाइन अर्जानं होते. कागदपत्रांत दहावीची मार्कशीट आणि आधार यांवरचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख अक्षरशः जुळली पाहिजे. ‘पाटील’ एकीकडे आणि ‘पाटिल’ दुसरीकडे असेल तर आत्ताच दुरुस्त करा. आरक्षण घेणार असाल, तर जातीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. तो निघायला वेळ जातो, म्हणून जाहिरातीची वाट न पाहता बारावीच्या दिवाळीपर्यंत अर्ज टाकून ठेवा.