कुत्रं चावलं, पण बाई माझ्या धुऱ्यावर आली होती

प्रश्न : केळापूर तालुक्यातल्या एका शेतकरी भावाचं पत्र आहे. पाच एकर वावर, कापूस आणि तूर. रानडुकरं आणि रोह्यांपायी (नीलगायींपायी) कोठ्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, कुत्रं पाळलेलं, वाघ्या. मागच्या आठवड्यात शेजारच्या वावरात वेचणीला आलेली बाई धुऱ्यावरून (बांधावरून) जाताना वाघ्यानं तिच्या पोटरीचा लचका तोडला. तिचा नवरा पन्नास हजार मागतो, नाहीतर ठाण्यात जातो म्हणतो. भाऊ विचारतात : बाई माझ्या धुऱ्यावर आली, कोठ्यावर पाटीही आहे, मग पैसे कशाचे? जेल होते का? कुत्रं जंगलात सोडलं किंवा नागपूरच्या एखाद्या प्राणी-आश्रयगृहाला दिलं तर भानगड मिटते का?

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. ‘तसा तो कोणाले काही करत नाही, मागच्या साली एका गुराख्याले थोडा दात लागला होता तेवढाच.’ हे तुम्ही वाघ्याच्या बाजूनं लिहिलंत, पण कोर्टात ते तुमच्यावरच उलटेल. कुत्रं चावतं हे मालकाला ठाऊक होतं का, आणि ठाऊक असून त्यानं काय केलं, यावरच असं प्रकरण उभं राहतं. पाटीचंही तसंच. ‘कुत्र्यापासून सावध रहा’ असं लिहिणारा माणूस धोका मला माहीत आहे, असंच लिहून देतो. आणि डोक्यावर कापसाचं गाठोडं घेतलेली बाई पाट्या वाचत चालत नाही. धुऱ्यावरून तुमच्याकडे सगळेच ये-जा करतात, हेही तुम्हीच लिहिलंय. तेव्हा ती चोरून शिरली, हा बचाव विसरा.

पण त्याआधी, पत्रात नसलेली गोष्ट. बाईला इंजेक्शन मिळालं का? वाघ्याला रेबीजची लस टोचल्याचा उल्लेख नाही, म्हणजे टोचलेली नाही असं मी धरतो. पहिल्या डोसपासून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते. लचका तुटला असेल तर जखमेत सीरमही, म्हणजे रेबीजच्या विषाणूला तिथंच रोखणारं औषध, द्यावं लागतं. ते आरोग्य केंद्रात नसलं तर यवतमाळ गाठावं लागेल. गाडी तुम्ही करून द्या. कोर्टकचेरीचा विचार नंतर. जखमेवर हळद-चुना लावला असेल तर आधी साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायला सांगा.

आता जेलचं. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 : जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभव असताना मालकानं खबरदारी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र आहे, उद्या उचलून नेतील अशी धास्ती नको. मात्र गुन्हा नोंदला गेला की चावडीवर बसून तो मिटवता येत नाही. हे कलम तडजोडीच्या यादीत नाही, मग उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. म्हणून जे करायचं ते आधी करा.

‘कुत्रं माझं नाहीच’ असं सांगू का, असंही तुम्ही विचारलंय. त्याच पत्राला पोळ्याचा फोटो जोडलाय. बैलजोडी सजलेली, आणि शेजारी गळ्यात लाल पट्टा घालून वाघ्या. काय बोलावं!

जंगलात सोडणं हा 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड दहा ते पन्नास रुपये; हो, आजही. पण भाकरीत फवारणीचं औषध घालून द्या, असं जे कोणी सुचवलं, त्याचं ऐकलंत तर संहितेचं कलम 325 लागतं, पाच वर्षांपर्यंत कैद. शिवाय चावल्यापासून दहा दिवस कुत्रं जिवंत राहून नजरेखाली असणं बाईच्याच उपयोगाचं आहे. तेवढ्यात ते धडधाकट राहिलं तर डॉक्टरांना अंदाज येतो. लस मात्र त्यासाठी थांबवायची नाही.

आश्रयगृहं देणग्यांवर चालतात आणि बहुतेक भरलेली असतात. चावरं कुत्रं पुढं कोणी दत्तक घेत नाही. तरी द्यायचंच असेल तर चावल्याची गोष्ट लेखी सांगून, लस टोचून, खाण्याचे चार पैसे देऊन द्या. लपवून दिलंत आणि तिथल्या पोऱ्याला ते चावलं, तर फिरून तुमच्याच दारात येईल. माझं म्हणाल तर ठेवा त्याला. दरवर्षीची लस फवारणीच्या एका डब्याहून स्वस्त पडते आणि नसबंदी, जंतनाशकही मालकानंच बघायचं, असं 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात. दिवसा लांब साखळीवर, रात्री कुंपणाच्या आत मोकळा. आखूड साखळीला दिवसभर जखडून ठेवणं हाही गुन्हाच.

राहिले पन्नास हजार. आकडा नवऱ्यानं रागात सांगितलाय, पण तुमचा शून्यही खरा नाही. गाडीभाडं, औषधं, वेचणीची बुडालेली रोजी, तिला घेऊन फिरणाऱ्याची बुडालेली रोजी आणि वेदनेचे म्हणून काही, असा हिशेब मांडा. तालुका विधी सेवा समितीत दावा दाखल होण्यापूर्वीच लोकअदालतीत प्रकरण ठेवता येतं. कोर्ट फी नाही, आणि तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच पक्का. बाई म्हणून तिला वकीलही फुकट मिळेल. हे तिच्या नवऱ्याला तुम्हीच सांगा, चौकशीचा नंबर 15100. पैसे रोख देऊ नका, तिच्या स्वतःच्या खात्यात टाका. आणि अठ्ठाविसाव्या दिवसाचं इंजेक्शन होईपर्यंत ‘आता काही देणं नाही’ अशा कागदावर तिचा अंगठा घेऊ नका.