किगालीची स्वच्छता म्हणजे शाश्वत शहरी विकास म्हणता येईल का?

रवांडाची राजधानी किगाली ही आफ्रिकेतील सर्वांत स्वच्छ शहरांपैकी एक मानली जाते, तेव्हा या देशाने शाश्वत शहरी विकास साधला आहे असे समजावे का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर ‘अंशतः’ असे आहे. नगररचनेचा अभ्यासक म्हणून मी या देशाकडे काही वर्षे लक्ष ठेवून आहे. जे सरकारी हुकमाने होऊ शकते ते रवांडाने फार झपाट्याने केले. ज्याला मोठा पैसा आणि रहिवाशांची संमती लागते तिथे मात्र त्याची चाल मंदावली, असे माझे मत झाले आहे.

स्वच्छता पहिल्या प्रकारात मोडते. प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2008 मध्ये बंदी आली आणि 2019 च्या कायद्याने एकदाच वापरून फेकण्याच्या इतर प्लास्टिक वस्तूही तिच्या कक्षेत आल्या. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी ‘उमुगांडा’ या नावाने सक्तीचे श्रमदान होते. शिवाय स्थानिक अधिकाऱ्यांना ‘इमिहिगो’ नावाच्या वार्षिक करारावर सही करावी लागते आणि त्यातील उद्दिष्टांचा वर्षअखेरीस हिशेब घेतला जातो. रस्ते स्वच्छ राहण्यामागे ही उत्तरदायित्वाची साखळी आहे. तिच्यात दंडाचा धाक आहे हेही मान्य केले पाहिजे.

मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते पाणथळ जागांचे काम. किगाली टेकड्यांवर वसलेली असून टेकड्यांमधल्या दऱ्यांत दलदलीचे पट्टे आहेत. उतारावर घरे वाढली की पाऊस जमिनीत मुरण्याऐवजी वाहू लागतो आणि ते सगळे पाणी या पट्ट्यांत उतरते. तिथेच भराव टाकून बांधकामे झाली, तर पुराला दुसरी वाट उरत नाही. गिकोंदो येथे दलदलीतच कारखाने उभे राहिले होते. ते हलवून शहराबाहेरच्या बाजूला उभारलेल्या विशेष आर्थिक क्षेत्रात नेण्याचे अवघड काम सरकारने केले. न्यांडुंगू येथील सुमारे 121 हेक्टरचा खराब झालेला पट्टा पुन्हा जिवंत करून 2022 मध्ये तो उद्यान म्हणून लोकांसाठी खुला झाला. बाजारभावाने पाहिले तर शहराच्या मध्यातील इतकी जमीन रिकामी ठेवणे हा तोट्याचा व्यवहार दिसतो, पण पावसाचे पाणी साठवण्याचे आणि गाळण्याचे तिचे काम इतक्या स्वस्तात दुसरे काहीही करू शकत नाही.

घरांचा प्रश्न निराळा आहे. किगालीची लोकसंख्या 2012 च्या जनगणनेत सुमारे 11.3 लाख होती. 2022 मध्ये ती सुमारे 17.5 लाख झाली. या वाढीचा मोठा भाग अनियोजित वस्त्यांनी सामावून घेतला. 2013 चा विकास आराखडा देखणा होता, परंतु त्यातील वापरानुसार काटेकोरपणे वेगळे केलेले विभाग आणि बांधकामाचे निकष सामान्य कुटुंबाला झेपणारे नव्हते. न्यारुतारामा या श्रीमंत भागाला लागून असलेली, ‘बन्न्याहे’ नावाने ओळखली जाणारी वस्ती हटवून तेथील लोकांना बुसान्झा येथील सदनिकांत हलवण्यात आले. अनेक रहिवाशांना सदनिकेऐवजी रोख भरपाई हवी होती, त्यासाठी ते न्यायालयातही गेले. तरीही 2022 मध्ये वस्ती पाडली गेली. घर मिळाले म्हणजे पुनर्वसन झाले, असा हिशेब इथे लागू पडत नाही, कारण खोल्या भाड्याने देऊन किंवा दाराशी विक्री करून चालणारी मिळकत सदनिकेबरोबर येत नाही.

2020 मध्ये लागू झालेल्या सुधारित आराखड्याने यातील काही चूक दुरुस्त केली, आणि माझ्या मते रवांडाच्या प्रगतीचा सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे. राहणे आणि व्यवसाय एकाच भागात करण्यास त्यात अधिक मुभा आहे, तसेच असलेले घर ऐपतीप्रमाणे टप्प्याटप्प्याने सुधारण्याचा मार्गही ठेवला आहे. स्वतःच्याच गाजलेल्या आराखड्यातील दोष सात वर्षांत मान्य करणारी सरकारे फारशी दिसत नाहीत.

जमिनीखालचे काम मात्र मागे आहे. शहराच्या फार मोठ्या भागात मैलापाणी वाहून नेणारे सार्वजनिक जाळे नाही. शोषखड्डे आणि खड्ड्यांचे संडास यांवरच बहुतेक घरे अवलंबून आहेत. झाडून गोळा केलेला कचराही बव्हंशी वर्गीकरण न होताच न्डुबा येथील कचरा डेपोवर जातो.

राजधानीवरचा भार हलका करण्यासाठी मुहांगा, हुये, रुबावू, मुसान्झे, न्यागातारे आणि रुसिझी ही सहा दुय्यम शहरे वाढवण्याचे धोरण आहे. 2024 पर्यंत 35 टक्के लोकसंख्या शहरी व्हावी असे उद्दिष्ट होते. 2022 च्या जनगणनेत ते प्रमाण 27.9 टक्के भरले. मला या तुटीची खंत वाटत नाही, कारण मैलापाण्याची सोय न झालेल्या शहरांत माणसे उशिरा पोहोचली तर त्या शहरांना तेवढाच अवधी मिळतो.