सोमवारचं माउंजारोचं इंजेक्शन (मधुमेह आणि वजनासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं) विसरलं, आज गुरुवार उजाडला. आता घेऊ का?

हो, आजच घ्या आणि पुढचं नेहमीप्रमाणे सोमवारीच. माउंजारोच्या, म्हणजे टिर्झेपटाइडच्या माहितीपत्रकातला नियमच तसा आहे: चुकलेल्या वेळेपासून 4 दिवसांच्या (96 तासांच्या) आत आठवलं तर टोचायचं, नंतर आठवलं तर तो डोस सोडून द्यायचा. दोन इंजेक्शनांत किमान 72 तास हवेतच. त्यामुळे भरपाई म्हणून डबल डोस अजिबात नको. उलट्यांनी हैराण व्हाल. (ओझेम्पिक या अशाच दुसऱ्या साप्ताहिक इंजेक्शनला हीच मुदत 5 दिवसांची आहे, तेव्हा शेजाऱ्यांचा हिशेब स्वतःला लावू नका.) मात्र ओळीने दोन-तीन आठवडे खंड पडला असेल, तर जुन्याच डोसने परत सुरू करण्याआधी डॉक्टरांना फोन करा, बरेचदा खालच्या डोसपासून पुन्हा चढावं लागतं.