आभाळ भरून आलं की घरातला माणूस हरवतो

फाल्गुन-चैत्रात समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या बायका एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. "ताई, आभाळ आलं की ह्यांचं जेवण सुटतं, बोलणं सुटतं. धीर कसा द्यायचा?" गेल्या हंगामात निफाडकडून आलेल्या एका जोडप्याची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अडीच एकर द्राक्षबाग, माल काढणीला आलेला. ती बोलत होती आणि तो वीस मिनिटांत तीनदा मोबाईलवर हवामान बघत होता. रात्री दोनला उठून ओट्यावर बॅटरी घेऊन उभा राहतो, असं तिनं सांगितलं. "मी म्हणते, काही होत नाही हो, झोपा. तर अंगावर येतात."

मी त्याला विचारलं, पहिल्यांदा ही भीती कधी वाटली? तो बराच वेळ गप्प राहिला. मग २०१४ चा मार्च सांगितला. महाराष्ट्रभर गारपीट झाली ते वर्ष. पत्र्यावर गारांचा आवाज, मग वेलीखाली घोट्याएवढा पांढरा थर. तो आणि वडील घमेल्यानं गारा बाहेर टाकत होते. उपयोग नव्हता, पण हात थांबेनात. आजही पत्र्यावर सुकी फांदी पडली तरी छातीत धडधडतं.

मी तिला सांगितलं, ह्याची भीती खोटी नाही. पिकलेल्या मण्यावर पाऊस पडला की मणी तडकतो, कूज लागते, ठरलेला व्यापारी दर पाडतो नाहीतर फिरकतच नाही. हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. "काही होत नाही" म्हटलं की त्याला वाटतं, हिला कळतच नाही. त्यापेक्षा "मलापण भीती वाटते" म्हणा आणि शेजारी बसा.

मग तिला बाहेर बसवून मी त्याला सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरतो, हा गैरसमज मला फार छळतो. उलट माणूस मोकळा होतो. तो म्हणाला, "एकदा मनात आलं होतं." त्याची परवानगी घेऊन तिला आत बोलावलं. त्याच दिवशी फवारणीची औषधं भावाच्या घरी कुलपात गेली, किल्ली भावाकडे. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक दोघांच्या फोनमध्ये टाकला. तिथं रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं.

बाकीचं काम साधंच होतं. हवामान खात्याचा अंदाज दिवसातून दोनदाच बघायचा, सकाळी चहाबरोबर आणि दुपारी. गारपीट बहुतेकदा जमीन तापल्यावर, दुपारनंतर येते. रात्री दोनला ओट्यावर उभं राहून बागेचं काहीच वाचत नाही. विजेच्या इशाऱ्यासाठी दामिनी ॲप. आणि एक कागद, तिच्या अक्षरात: इशारा आला तर कुठला प्लॉट आधी काढायचा, मजुरांना कोण फोन करणार. पाऊस झालाच तर फोटो काढून तलाठी आणि कृषी सहायकांना कळवायचं. त्यांनी गारपिटीचा विमा उतरवला होता, त्याची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते, तो क्रमांकही कागदावर. संकटात डोकं चालत नाही, म्हणून शांत असताना लिहून ठेवायचं.

हे करूनही पाऊस आलाच. तिसऱ्या भेटीनंतरच्या आठवड्यात, संध्याकाळी. एक प्लॉट आधीच काढून झाला होता, दुसऱ्यातला बराच माल तडकला. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. सूचना वेळेत गेली होती, पंचनामा व्हायचा होता. पावसाच्या रात्री तो रडला, म्हणाली. "आधी कधी रडले नव्हते माझ्यासमोर. मग दोघांनी भाकरी खाल्ली."

मी विचारलं, झोप?

"काल लागली. चारपर्यंत."

पुढची भेट आम्ही सोमवारी ठरवली.